मोटर जोडली की टायमर मॉड्यूल मध्येच रिसेट होतं: कारण कसं शोधायचं आणि उपाय काय

श्रावण लागला की पुण्यात एक तक्रार हमखास कानावर येते: "नुसता चालवला तर टायमर एकदम बरोबर चालतो, मोटर जोडली की मध्येच शून्यावर येतो." गणपतीच्या हलत्या देखाव्यासाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून किंवा ऑनलाइन मागवलेलं, तीन आकडी डिस्प्लेचं आणि एका रिलेचं (विजेने लागणाऱ्या-सुटणाऱ्या स्विचचं) छोटं मॉड्यूल असतं. मोटर जुन्या बाजारातून आणलेली, गाडीच्या वायपरची. सप्लाय एलईडी पट्टीसाठी घेतलेला १२ व्होल्टचा. तिन्ही गोष्टी सुट्या तपासल्या तर ठणठणीत. एकत्र जोडल्या की मावळ्याचा हात एक-दोनदा हलतो आणि टायमर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. मग मॉड्यूल बदलून आणायचं, तेही तेच करतं, आणि शेवटी "स्वस्तातला माल, दुसरं काय होणार" म्हणून सगळं गुंडाळून ठेवायचं.

मॉड्यूल स्वस्त आहे हे खरं, पण या तक्रारीत ते खराब निघणं क्वचितच होतं. मोटर सुरू किंवा बंद होताना दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर मॉड्यूलला मिळणारं व्होल्टेज क्षणभर कोसळतं, नाहीतर ट्रिगरच्या, म्हणजे मोजणी सुरू करायचा इशारा आणणाऱ्या, वायरीत नको तो झटका शिरतो आणि मॉड्यूलला वाटतं की बटण दाबलं. दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगळे आहेत. म्हणून कपॅसिटर-डायोड आणायला धावण्याआधी आपलं दुखणं कुठलं ते ओळखायला हवं.

इथे लिहितोय ते एक्सवाय-जे०४ आणि त्याच्या भावकीतल्या मॉड्यूलबद्दल. सप्लाय ६ ते ३० व्होल्ट, बाजूला मायक्रो यूएसबीचं सॉकेट, ट्रिगरला ऑप्टोकपलर (इशारा प्रकाशातून पोचवून दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग), आणि सेटिंगमध्ये ओपी म्हणजे रिले चालू राहण्याची वेळ, सीएल म्हणजे बंद राहण्याची वेळ, एलओपी म्हणजे किती फेऱ्या. दुसऱ्या बोर्डांवर मोडचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण खालची तपासणी सगळ्यांना लागू पडते.

आधी डिस्प्लेकडे बघा

रिलेच्या टर्मिनलवरून मोटरच्या वायरी काढा. कॉमन, एनओ (एरवी तुटलेला), एनसी (एरवी जोडलेला) तिन्ही मोकळे ठेवा आणि मॉड्यूलला पूर्ण फेरी करू द्या. रिले वेळेवर टक् करून लागतो आणि सुटतो का? हो असेल तर मॉड्यूल आणि सेटिंग दोन्ही ठीक आहेत, पुढे जा. नसेल तर आधी मोडच्या भागात सांगितलेलं बघा.

मग मोटरच्या जागी गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावा. तो चालू असताना पावणेदोन अँपियर ओढतो, पण त्यात मोटरसारखी गुंडाळी नाही, त्यामुळे बंद होताना उलटा झटका मारत नाही. बल्बवर फेऱ्या नीट होत असतील आणि मोटरवर बिघडत असतील तर संशय मोटरभोवती फिरायला हरकत नाही.

आता मोटर परत जोडा आणि रिले लागण्या-सुटण्याच्या क्षणी मोटरकडे न बघता डिस्प्लेवर नजर ठेवा. त्याआधी स्टॉपचं बटण दाबून धरून डिस्प्ले कायम चालू राहण्याचा ओ-डी पर्याय निवडा. सी-पी पर्यायात काही मिनिटांनी डिस्प्ले आपोआप विझतो, टायमर चालूच असतो, आणि लोक त्यालाच बिघाड समजतात.

आकडे क्षणभर विझले, फिके पडले, लुकलुकले, तर सप्लाय कोसळतोय. आकडे ठळक आहेत पण मोजणी मध्येच पुन्हा सुरुवातीपासून लागली किंवा रिले उगाचच सुटला, तर खोटा ट्रिगर मिळतोय. आणि डिस्प्ले सांगतोय रिले बंद, पण मोटर फिरतेच आहे, तर तिसरीच गोष्ट: रिलेचे काँटॅक्ट चिकटलेत.

शंका राहिली तर मॉड्यूलच्या सप्लाय टर्मिनलवर काट्याचा मल्टीमीटर लावा. आकडी मल्टीमीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो, त्याला हा क्षणिक खड्डा बहुतेक वेळा दिसतच नाही. काटा मात्र मोटर सुरू होताना खाली झुकतो तो स्पष्ट दिसतो. जुन्या काट्याच्या मीटरला आजही माझ्या टेबलावर जागा आहे ती याच कामासाठी.

सप्लाय कोसळत असेल तर

वायपरची मोटर मोकळी फिरताना दोन-चार अँपियर घेते, पण जागेवरून हलताना किंवा अडकल्यावर तिचा प्रवाह याच्या कित्येक पट होतो. पंधरा-वीस अँपियरपर्यंत जाणाऱ्या मोटरी सर्रास सापडतात. ५ अँपियरचा एसएमपीएस, म्हणजे आपला १२ व्होल्टचा सप्लाय, अशा वेळी स्वतःला वाचवण्यासाठी आउटपुट तोडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू करून बघतो. मॉड्यूल त्याच सप्लायवर असेल तर तेही बंद होऊन पुन्हा सुरू होतं. मोड पी३.२ असेल, म्हणजे वीज येताच ट्रिगरशिवाय फेऱ्या सुरू, तर सुरू होताक्षणी ते पुन्हा मोटर चालू करतं. पुन्हा सप्लाय तुटतो. रिलेचा टक-टक-टक आवाज येत राहतो आणि हात जागच्या जागी थरथरतो. हे चित्र दिसलं की मॉड्यूल बदलण्यात काहीच अर्थ नाही.

सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय घरातच पडलेला असतो: जुना मोबाइल चार्जर. मॉड्यूलला मायक्रो यूएसबीतून ५ व्होल्ट द्या आणि १२ व्होल्टचा सप्लाय फक्त मोटरसाठी ठेवा. रिलेचे काँटॅक्ट मॉड्यूलच्या सर्किटपासून वेगळेच असतात, त्यामुळे दोन्ही सप्लायचे निगेटिव्ह एकत्र जोडायची गरज नाही, जोडूही नका. मोटरकडे काहीही धिंगाणा चालला तरी मोजणी हलत नाही. फक्त यूएसबी आणि स्क्रूचं सप्लाय टर्मिनल दोन्हींना एकाच वेळी वीज देऊ नका.

मोटर दमदारपणे उचलायची असेल तर तिचा एसएमपीएसही मोठा लागेल. चार्जर लावल्याने टायमर वाचतो, मोटरची भूक कमी होत नाही. हलकी मान किंवा पंखा हलवायचा असेल तर १० अँपियरचा सप्लाय सहसा पुरतो. जड पुतळा कंबरेतून वाकवायचा असेल तर आधी वजन तोलून धरणारी स्प्रिंग किंवा मागे प्रतिभार लावा. मोटरवरचा ताण उतरवणं हे मोठा सप्लाय घेण्यापेक्षा स्वस्तही पडतं आणि मोटरही जास्त टिकते.

वेगळा चार्जर लावायला जागा नसेल, सगळं एकाच बॅटरीवर किंवा सप्लायवर चालवायचं असेल, तर वायरिंग बघा. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. समजा सप्लाय मंडपाच्या मागे आहे, मोटर १० मीटरवर, आणि मध्ये ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर. जायची-यायची मिळून २० मीटर तांबं झालं, म्हणजे साधारण ०.७ ओहम. ४ अँपियर वाहिले की पावणेतीन व्होल्ट वायरीतच गेले, आणि मोटर सुरू होताना तर त्याहून कितीतरी जास्त. मॉड्यूलचा सप्लाय मोटरच्या टोकाला जोडून घेतला असेल तर ही सगळी घट त्याच्याही वाट्याला येते. मॉड्यूलची जोडी एसएमपीएसच्या टर्मिनलवरून सरळ, वेगळी आणा. मोटरची जोडी वेगळी, आणि जाड, किमान १.५ चौरस मिलिमीटरची.

त्यावर आणखी खात्री हवी असेल तर मॉड्यूलच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये १एन५८१९ डायोड टाका, डायोडवरची पट्टी मॉड्यूलच्या बाजूला, आणि डायोडनंतर मॉड्यूलच्या टर्मिनलवर २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर. डायोडमुळे कपॅसिटरमधली वीज मोटरकडे उलटी पळत नाही, मॉड्यूललाच मिळते. मॉड्यूल रिलेसकट साधारण ५० मिलिअँपियर घेतं. ५ व्होल्ट घसरण चालेल असं धरलं तर हा कपॅसिटर त्याला जवळपास ०.२ सेकंद तगवतो. मोटर जागेवरून हलायला एवढा वेळ बहुधा पुरतो. पण एसएमपीएस तुटून सेकंदभर बंद राहत असेल तर कुठलाच माफक कपॅसिटर पुरणार नाही, तिथे चार्जरच. नुसता कपॅसिटर, डायोडशिवाय, लावला तर मोटर तो क्षणात रिकामा करते. फायदा शून्य.

खोटा ट्रिगर येत असेल तर

मोटर बंद होताना तिच्या गुंडाळीतली ऊर्जा उलट्या दिशेच्या उंच झटक्याच्या रूपाने बाहेर पडते, आणि फिरत असताना कार्बन ब्रश सतत ठिणग्या पाडत असतात. बटणाची किंवा सेन्सरची लांब वायर मोटरच्या वायरीशेजारून, एकाच टेपमध्ये गुंडाळून नेली असेल तर हा गोंधळ तिच्यात उतरतो. ऑप्टोकपलर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ट्रिगर ३ व्होल्टपासून पुढे लागतो, आणि लांब वायरीवर तेवढा झटका सहज बसतो.

उपाय जिथे हा गोंधळ तयार होतो तिथून सुरू करा. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, शक्य तितका मोटरच्या जवळ, वायरी अगदी आखूड. मोटर एकाच दिशेने फिरवायची असेल तर तिच्यावर उलटा डायोड, १एन५४०८ चालतो, पट्टीचं टोक पॉझिटिव्हला. सोलेनॉइड किंवा पाण्याचा १२ व्होल्टचा व्हॉल्व्ह असेल तर १एन४००७ पुरे. हा डायोड उलट लावला तर सप्लाय शॉर्ट होतो, म्हणून वीज देण्याआधी पट्टी एकदा बोट ठेवून तपासा.

मग ट्रिगरची बाजू. दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, मोटरच्या वायरींपासून वीतभर तरी लांब. ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडा. मॉड्यूलच्या ट्रिगर टर्मिनलवर ०.१ मायक्रोफॅरड आणि त्याला समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. १२ व्होल्टच्या बटणाला हा रेझिस्टर जेमतेम १२ मिलिअँपियर ओढतो, तेवढं त्याला जड नाही. पण वायरीत चुकून शिरलेला दुबळा झटका मात्र त्यातच जिरतो. मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून ३.३ किंवा ५ व्होल्टचा ट्रिगर देत असाल तर आधी ती पिन एवढा प्रवाह देऊ शकते का ते बघा.

आणि एक उपाय फुकटचा आहे: मोड बदला. पी१.२ मध्ये मोजणी चालू असताना पुन्हा ट्रिगर आला की वेळ पहिल्यापासून मोजली जाते. पी१.३ मध्ये पुन्हा ट्रिगर आला की रिले सुटतो. पी१.१ मध्ये मोजणी पूर्ण होईपर्यंत येणाऱ्या ट्रिगरकडे मॉड्यूल ढुंकूनही बघत नाही. देखाव्याला किंवा कुंड्यांच्या पाण्याला बहुतेक वेळा पी१.१ च हवा असतो, आणि तिथे पी१.२ ठेवलेला असतो.

मोड आणि टिंबं

मोटरशिवायच गडबड होत असेल तर डिस्प्लेवरचं टिंब बघा. टिंब शेवटच्या आकड्यापाशी असेल तर १ ते ९९९ सेकंद. मधल्या आकड्यापाशी असेल तर ०.१ ते ९९.९ सेकंद. तिन्ही टिंबं लागलेली असतील तर १ ते ९९९ मिनिटं. ओपी किंवा सीएल सेट करताना स्टॉपचं बटण हलकेच दाबलं की वेळेची ही पट्टी बदलते, आणि चुकून दाबलं गेलं की १० सेकंदांची १० मिनिटं होतात. "रिले सुटतच नाही" ही तक्रार पुष्कळदा इथेच मिटते. ओपी आणि सीएल यांची टिंबं स्वतंत्र असतात, दोन्ही तपासा.

लाईट गेली तर सेटिंग टिकतं, चालू मोजणी टिकत नाही. पी३.२ वर गच्चीवरच्या पाण्याचा पंप लावला असेल तर दर वेळी लाईट आली की पंप ओपीपासून नव्याने सुरू होणार. पावसाळ्यात लाईट दिवसातून चारदा ये-जा करते, तेव्हा कुंड्यांना चारदा जादा पाणी, किंवा टाकी रिकामी असेल तर कोरडा पंप. अशा कामाला टाकीत फ्लोट स्विच घालून पंपाची वायर त्यातून न्यायलाच हवी. हे काम टायमरवर सोडू नये.

काँटॅक्ट चिकटले असतील तर

मॉड्यूलवरच्या निळ्या रिलेवर १० अँपियर छापलेलं असतं. तो आकडा हीटरसारख्या सरळ लोडचा. मोटरचा सुरुवातीचा प्रवाह आणि डीसीतली ठिणगी याने काँटॅक्ट वितळून एकमेकांना धरून बसतात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने रिलेला हलकी टिचकी मारल्यावर मोटर थांबली तर निदान पक्कं. टिचकीने सुटला म्हणून तोच रिले पुढे वापरू नका. पृष्ठभाग खडबडीत झालेला असतो, तो पुन्हा चिकटणार.

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात १२ व्होल्ट ३० अँपियरचा रिले मिळतो. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, ३० आणि ८७ मोटरसाठी. मॉड्यूलच्या छोट्या रिलेने फक्त ही कॉइल चालवायची, कॉइलवर १एन४००७ उलटा लावायचा, आणि मोटरचा सगळा भार मोठ्या रिलेवर टाकायचा. मोटरच्या वायरीत फ्यूजही घाला. गाडीत असतो तसाच पात्यांचा चालतो. पुतळ्याचा हात कापडात अडकला तर फ्यूज उडावा, वायर पेटू नये.

कारंज्याचा पंप, पाण्याची मोटर, चोकचे दिवे असं २३० व्होल्टचं काही चालवायचं असेल तर मधे काँटॅक्टर (मोठा, दणकट रिले) घ्या आणि त्याच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ कपॅसिटर सिरीजमध्ये जोडलेला स्नबर, म्हणजे झटका जिरवणारी जोडी, लावा. स्नबर लोडच्या बाजूला, म्हणजे कॉइलच्या दोन टोकांवर. रिलेच्या काँटॅक्टवर लावला तर रिले बंद असतानाही त्यातून सुमारे ७ मिलिअँपियर वाहत राहतात आणि एलईडीचे दिवे मंद पेटलेले दिसतात किंवा लुकलुकतात. या मॉड्यूलच्या बोर्डावर २३० व्होल्टचे आणि बटणांचे ट्रॅक फार अंतर ठेवून आखलेले नसतात. भाद्रपदात हवा दमट, मंडपात पाऊस झिरपतो, आणि आजूबाजूला लहान मुलं असतात. म्हणून मॉड्यूल झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, जमिनीपासून वर, आणि सगळी लाइन ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). यात काटकसर करू नये.

हात दर वेळी वेगळ्याच जागी थांबतो

हेही टायमरच्या माथी मारलं जातं. सगळे उपाय करून मोजणी पक्की झाली तरी हात आज वर, उद्या आडवा. ओपी ३ सेकंद ठेवली म्हणून मोटर दर वेळी तेवढेच फेरे घेईल असं नाही. व्होल्टेज थोडं बदललं, ग्रीस घट्ट झालं, पुतळ्याचं कापड ओलं झालं की तिची गती बदलते. शिवाय हे मॉड्यूल क्रिस्टलवर मोजत असेलच असं नाही. तासाभराच्या वेळेत काही सेकंद पुढेमागे धरून चाला.

ओपी दशांश सेकंदाने वाढवत-घटवत बसू नका. वायपरच्या मोटरमध्येच याचं उत्तर आहे. काच पुसून झाल्यावर पातं खाली येऊन थांबतं ते आतल्या पार्किंग स्विचमुळे. तो चालू स्थितीत असेल तर त्याची वायर वापरा. जुन्या बाजारातल्या मोटरीत पुष्कळदा तो गंजलेला असतो, तेव्हा बाहेरून एक मायक्रोस्विच आणि मोटरच्या दांड्यावर उंचवट्याची चकती लावा. मायक्रोस्विच मोटरच्या रिलेला समांतर जोडा: हात मूळ जागी असताना तो उघडा (वीज तुटलेली), बाकी सगळ्या फेरीत जोडलेला. टायमरने अर्धा-एक सेकंद रिले लावून हात जागेवरून हलवला की पुढची फेरी मायक्रोस्विच पूर्ण करतो आणि मूळ जागी आल्यावर मोटर तोडतो. ओपी आता फक्त मायक्रोस्विच चकतीच्या उंचवट्यावरून सुटण्याइतकी हवी, एका फेरीच्या वेळेपेक्षा कमी. सीएल मात्र एका पूर्ण फेरीपेक्षा मोठी ठेवा, नाहीतर हात थांबायच्या आधीच पुढचा ट्रिगर लागेल.

जोडणी झाली की डबा बंद करून, मोटर आणि पुतळा लावून, रात्रभर चालू ठेवा. जवळ कुणीतरी असू द्या. सकाळी आधी वीज बंद करा आणि मगच रिलेच्या स्क्रू टर्मिनलवर हात ठेवा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर वायर बारीक आहे किंवा स्क्रू ढिला आहे, तो आवळून पुन्हा एक रात्र चालवा.